नुसती पिशवी

पित्ताची पिशवी असते, लघवीची पिशवी असते. दोन्ही ठिकाणी ती कशाची हे सांगावं लागतं. पण आमच्याकडे एखादी बाई 'माझी पिशवी काढली' म्हणाली, की 'कशाची?' असं कुणीही विचारत नाही. नुसती पिशवी म्हटलं की ती एकच.

शेजारच्या भाषांमध्येही या अवयवाचं रोजच्या बोलण्यातलं नाव भांड्याचं किंवा थैलीचंच आहे. हिंदीत बच्चेदानी, म्हणजे चहादानीच्या चालीवर. तेलुगूत गर्भसंची, तमिळमध्ये कर्प्पप्पै. 'संची' काय किंवा 'पै' काय, अर्थ थैलीच. फरक इतकाच की त्यांनी बच्चा किंवा गर्भ सोबत ठेवला. मराठी बाईनं बोलताना तोही सोडून दिला. वर्तमानपत्रवाले 'गर्भपिशवी' लिहितात, पण दवाखान्याच्या बाकावर बसून हा शब्द बोललेला मी तरी ऐकलेला नाही.

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. राहते पुण्यात, आणि आरोग्याच्या माहितीपुस्तिका मराठीत करणं हे माझ्या कामांपैकी एक. त्यामुळे हा शब्द माझ्या टेबलावर सारखा येतो आणि दर वेळी त्याच्यावरून वाद होतो. डॉक्टरमंडळी म्हणतात, गर्भाशय लिहा. बाया म्हणतात, पिशवी लिहा ना बाई, ते गर्भाशय शाळेत असतं.

पिशवीची स्वतःची अशी पूर्ण बोली तयार झालेली आहे. पिशवीला सूज येते. पिशवीत गाठ होते. पिशवी खाली सरकते. पिशवीचं तोंड उघडतं, नाही उघडलं तर सिझर होतं, आणि दिवस भरायच्या आधीच उघडायला लागलं तर पिशवीला टाका घालतात. पिशवी उलटी असते. पिशवी धुतात, म्हणजे क्युरेटिंग करतात. पिशवी नाजूक असते, कमजोर असते, आणि शेवटी पिशवी खराब होते. 'खराब' हे निदान कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात नाही, तरी महाराष्ट्रातल्या निम्म्या आयाबायांना ते ठाऊक आहे.

या शब्दाला नावं ठेवायच्या आधी त्याचे उपकार मानले पाहिजेत. पिशवी हा शब्द बाईला कुणाहीसमोर बोलता येतो. सासऱ्यासमोर, मुकादमासमोर, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईजवळ. त्याला लाज चिकटलेली नाही, विटाळ चिकटलेला नाही. ज्या घरात पाळीला 'कावळा शिवला' म्हणतात त्याच घरात पिशवीवर मोठ्या आवाजात चर्चा चालते आणि पुरुषही तिच्यात भाग घेतात. ही छोटी गोष्ट नाही.

कारण तिच्या आधीचा आणि अजूनही चालणारा शब्द होता 'अंग'. अंगावरून जातं. अंगावरून पांढरं जातं. अंग बाहेर येतं, त्यालाच कुणी मायांग म्हणतं. बाळ अंगावर पितं. दूध, रक्त, पांढरा स्राव, खाली उतरलेलं गर्भाशय, सगळ्याला एकच शब्द आणि तो अख्ख्या शरीराचा. नेमक्या जागेचं नाव घ्यायचं नाही म्हणून बाईनं पूर्ण देहाचं नाव घेतलं. नवख्या डॉक्टरची यात चांगलीच फजिती होते. 'अंगावर काढलं' म्हणजे दुखणं सोसलं आणि 'अंगावरून गेलं' म्हणजे रक्तस्राव झाला. एका प्रत्ययानं केसपेपर बदलतो.

योनीची तर वेगळीच गंमत. देवळात कीर्तनकार बुवा चौऱ्यांशी लक्ष योनी फिरवून आणतात, मनुष्ययोनीचं महत्त्व सांगतात आणि पहिल्या रांगेतल्या आजीबाई मान डोलावतात. त्याच आजीबाईंच्या सुनेसमोर माझी पुस्तिका उघडली आणि तिथं 'योनी' छापलेलं दिसलं, की ती पान उलटते. संस्कृतात योनी म्हणजे उगम, जन्मस्थान, राहण्याची जागा. ब्रह्मसूत्रांतलं तिसरंच सूत्र 'शास्त्रयोनित्वात्' आहे. गीतेच्या चौदाव्या अध्यायात भगवंत महद्ब्रह्माला आपली योनी म्हणतात. आयुर्वेदानंही हा शब्द ऐसपैस वापरला. सुश्रुताच्या शारीरस्थानात योनी शंखाच्या नाभीसारखी, तीन वळशांची सांगितली आहे आणि तिसऱ्या वळशात गर्भशय्या. म्हणजे आजचा योनिमार्ग आणि गर्भाशय मिळून ती एक योनी होती. चरकाच्या वीस योनिव्यापदांमध्ये पाळीच्या तक्रारींपासून अंग बाहेर येण्यापर्यंत सगळं येतं. इतका भारदस्त शब्द हळूहळू खाली सरकत एका जागेपुरता उरला आणि तिथं पोचल्यावर उच्चारायचा बंद झाला. अध्यात्मात चालतो, आरोग्यात चालत नाही.

गर्भाशय हा शब्दही सुश्रुतात आहे आणि तो जिथं येतो ती जागा मला फार आवडते. शरीरातले आशय मोजताना सुश्रुत म्हणतो: वाताशय, पित्ताशय, श्लेष्माशय, रक्ताशय, आमाशय, पक्वाशय, मूत्राशय. हे झाले सात. आणि मग, स्त्रियांना गर्भाशय हा आठवा. काही कमी असल्याचा सूर नाही, उलट एक जास्त. आशय म्हणजे जिथं काही विसावतं ती जागा, जलाशयातला तोच. कवितेच्या परीक्षणात 'आशयघन' लिहिणाऱ्या आम्हा लोकांना हा धागा कधी आठवत नाही. ग्रीकांकडे याच अवयवाचं नाव 'हिस्टेरा'. प्लेटोच्या 'टिमेअस'मध्ये तो बाईच्या अंगात भटकणारा, मूल हवं म्हणून खवळणारा प्राणी आहे. त्यातूनच पुढे हिस्टेरिया आला. आपल्याकडे तो निदान एका जागी विसावला होता.

आणि मराठीनं गर्भाला घरभर पसरवलं. गर्भागाराचा गाभारा झाला, गर्भिणीची गाभण झाली आणि ती गोठ्यात गेली. केळीच्या खोडात गाभा आला, मासळीच्या पोटात गाभोळी आली. कुक्षीची कूस झाली. ती उजवते, तिच्यात घेतात, झोपेत ती बदलतातही. तुकोबांनी 'हेचि दान देगा देवा' म्हणत शेवटी मागितलं काय, तर 'तुका म्हणे गर्भवासी । सुखें घालावें आम्हांसी'. बाकी संतमंडळी गर्भवासाची यातना सांगून घाबरवत असताना हा माणूस खुशाल परत जायला तयार.

या सगळ्यात मला सगळ्यात नेमका वाटतो तो 'ओटी'. ओटी म्हणजे नाभीखालचं पोट, आणि ओटी म्हणजे त्याच पोटापुढे पसरलेला पदर. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी जिथं पडतं त्याच्या वीतभर मागे तो अवयव असतो. बायकांनी त्याचं नाव न घेता त्याची पूजा करायची अशी ही सोय. अर्थात कुणाची ओटी भरायची आणि कुणाची नाही हेही ठरलेलं, आणि ते ठरवणारे हात बहुतेक बायकांचेच. पिशवी काढलेल्या एका नात्यातल्या बाईंनी हळदीकुंकवात पदर पुढे करायला आढेवेढे घेतले होते, 'आता काय उपयोग' म्हणून. तांदूळ पडले पदरात, पण वाक्यही पडलं.

कूस, ओटी, गाभारा इतकी श्रीमंती असताना पिशवीच का जिंकली? मला वाटतं, हे बाकीचे शब्द घरातले आणि देवघरातले आहेत. त्यांचा डॉक्टरांशी बोलताना उपयोग नाही. कूस दुखत नाही, गाभाऱ्याला सूज येत नाही. आणि गर्भाशय म्हणायला डॉक्टरांच्याच जिभेला जड. पिशवी ही दवाखान्यात जन्मलेली, दोघांच्या सोयीची तडजोड आहे. चित्र काढून दाखवायलाही सोपी: एक उलटा त्रिकोण, खाली तोंड.

फक्त ती पिशवी नसते. पिशवी म्हटलं की पातळ कापडाची, आत पोकळी असलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. मूल नसताना गर्भाशय जेमतेम साडेसात सेंटीमीटर लांब, पाच रुंद आणि अडीच-तीन जाड, छोट्या उलट्या पेरूएवढं असतं. जवळजवळ सगळा ऐवज भिंतीतच. आतली पोकळी म्हणजे नुसती फट. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या. त्या फटीत दहा मिलिलिटर पाणीसुद्धा मावणं कठीण. दिवस राहिले की हाच स्नायू नऊ महिन्यांत किलोभर वजनाचा होतो आणि त्यात मूल, वार, पाणी मिळून पाच लिटरचा संसार मावतो. बाळंतपणानंतर तो सुमारे सहा आठवड्यांत पुन्हा जवळजवळ पहिल्या मापावर येतो. आपला सव्वा महिना साधारण त्याच मापाचा, हे बघून मला जुन्या बायकांचं कौतुक वाटतं.

भिंतीची वीण तर बघण्यासारखी आहे. मधल्या थरातले स्नायूतंतू आडवेतिडवे गुंफलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या जाळीतून जातात. वार सुटली की जखम उघडी असते. तेव्हा हे तंतू आवळतात आणि त्या वाहिन्या तिथल्या तिथं दाबून बंद करतात. टाके नाहीत, दोरा नाही. हे आवळणं झालं नाही तर बाई काही मिनिटांत दगावू शकते. बाळंतपणानंतर पोटावर हात ठेवून 'गोळा घट्ट झाला का' बघणाऱ्या सुईणीला हे तंतू माहीत नव्हते, पण गोळ्याचा अर्थ पुरता माहीत होता. ती पिशवी म्हणत नव्हती, गोळा म्हणत होती. पोटचा गोळा मुलाला म्हणतात, आणि मूल बाहेर आल्यावर जो उरतो तोही गोळाच.

मावशीचं सांगते. ती आणि काका कित्येक वर्षं ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, टोळीबरोबर साताऱ्या-सांगलीकडे किंवा कर्नाटकात उतरायचं आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं. पहाटे अंधारात फडात, मग तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे उचलीतून कापले जातात, आणि कोयता जोडीचा असल्यामुळे एकाचा खाडा दोघांना पडतो. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, बदलायला जागा नाही. तिच्या अंगावरून पांढरं जायला लागलं आणि पट्टा पडल्यावर ती तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेली. सोनोग्राफी झाली. पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर झाला तर काय करता, दोन लेकरं झालीत ना, मग ठेवून काय करायचंय.

'ठेवून काय करायचंय' हे वाक्य पिशवीबद्दलच बोलता येतं. हृदयाबद्दल नाही, गुडघ्याबद्दल नाही, पित्ताच्या पिशवीबद्दलही जरा अडखळून.

ऑपरेशन झाल्यावर काकांना बाहेर बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेली पिशवी दाखवली. 'बघा, किती खराब झाली होती.' काका आजही सांगतात, लालकाळी होती, सडलेली. कुणाच्याही पोटातून काढलेला कुठलाही अवयव ट्रेमध्ये लालकाळाच दिसणार, हे त्यांना कुणी सांगायचं? तो तपासणीला प्रयोगशाळेत पाठवला का, त्याचा रिपोर्ट कुठंय, हे आम्ही फार उशिरा विचारलं. फाइलमध्ये तसा कागद नव्हता.

नंतरच्या दोन वर्षांत तिला घाम फुटायचा, रात्री अंगाची लाही व्हायची, गुडघे धरले, झोप उडाली. वय चौतीस-पस्तीस. घरच्यांनी ठरवलं, ऑपरेशनचा अशक्तपणा. मी तिचं डिस्चार्ज कार्ड मागवून घेतलं. त्यावर डॉक्टरी लिपीत 'टी.ए.एच. विथ बी.एस.ओ.' एवढंच होतं. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ गर्भाशय काढलं. उरलेल्या तीन अक्षरांचा अर्थ दोन्ही बाजूंच्या अंडनलिका आणि दोन्ही अंडाशयं, म्हणजे बीजकोशही काढले. रजोनिवृत्ती जी पंचेचाळीस-पन्नाशीला सावकाश यायची, ती तिला एका दुपारीत आणून दिली होती.

मी तिला फोनवर विचारलं, "मावशी, बीजकोश काढलेले तुला सांगितलं होतं का?"

"आगं, पिशवी काढली म्हन्ल्यावर समदंच आलं की त्यात."

इथं हा शब्द मला पहिल्यांदा टोचला. पिशवी म्हणताना आत जे जे असेल ते सगळं गृहीत धरलं जातं. गर्भाशय म्हटलं असतं, तर निदान शेजारी अंडाशय म्हणून आणखी एक शब्द उभा राहिला असता आणि त्याच्याबद्दल वेगळं विचारावं लागलं असतं. पिशवीला शेजारीपाजारी नाहीत.

२०१९ साली बीडचं नाव गर्भाशय काढण्याच्या या ऑपरेशनांवरून देशभर गाजलं. वंजारवाडीसारख्या गावांतल्या बायका पत्रकारांशी बोलल्या. त्या जूनमध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी तीन वर्षांतल्या ४,६०५ शस्त्रक्रियांचा आकडा दिला. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात जवळजवळ सतरा. त्याच्या थोडं आधीच्या, २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. पुढे जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. केंद्रानं २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. ती याचिका मुळात बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या प्रकरणांवरून होती. म्हणजे बच्चेदानीचीही तीच गत.

तेव्हा टीव्हीवर एक बातमी फिरत होती: मुकादम काम देताना पिशवी नसलेली बाई मागतात. असं म्हणणाऱ्या बायका होत्या, नाकारणारे मुकादम होते. मला विचाराल तर कुणी मागायची गरजच उरली नव्हती. खाड्याचा हिशेब, पाण्याचा अभाव आणि डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती ही तिन्ही एकत्र आली, की बाई स्वतःच ऑपरेशनसाठी व्याजानं पैसे काढते.

मुळात पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्या असतात. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांत केलेला अभ्यास १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. म्हणजे तक्रारी खऱ्या आहेत. बायका उगाच कुरकुरत नाहीत, आणि काही वेळा ऑपरेशनही खरंच लागतं: कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, पूर्ण बाहेर आलेलं अंग. पण जंतुसंसर्गावर गोळ्या देण्याऐवजी अवयवच काढणं याला उपचार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तर पुस्तिकेचा वाद. शेवटी मी 'गर्भाची पिशवी' लिहिलं, प्रत्येक ठिकाणी पूर्ण, नुसती पिशवी कुठंच नाही. शेजारी 'बीजकोश' वेगळे, चित्रात वेगळ्या रंगात. संपादक डॉक्टरीणबाई कुरकुरल्या, 'गर्भाशय' कंसात टाकून मोकळ्या झाल्या. मी ठेवू दिलं. छापायच्या आधी गावातल्या बचत गटात ती वाचून घेतली. एका ताईंनी 'गर्भाची' हा शब्द प्रत्येक वेळी गाळून वाचला, अगदी सहज, डोळ्यांना तो दिसतच नसल्यासारखा. बीजकोशांपाशी मात्र त्या थांबल्या.

"हे तर कधी ऐकलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "हे बी काढतात का?"

मग चित्र हातोहात फिरलं, आणि मागे बसलेल्या एकीनं विचारलं, की काढलेत का नाही ते कार्डावर कुठल्या ओळीत लिहिलेलं असतं. पुस्तिकेत ते नव्हतं. पुढच्या आवृत्तीत पान वाढवून घ्यायला मी प्रकाशकांना सांगितलंय, ते खर्चाचं म्हणतायत.